पार्वतम्माच्या हातची वेणी

औशात बसस्टँडच्या मागच्या अंगाला आमची गल्ली. गल्लीत शिरल्यावर पार्वतम्माचं घर कोणतं, हे आता कुणाला विचारावं लागत नाही. फाटकाच्या आत अबोली, फाटकाच्या बाहेर अबोली, न्हाणीच्या दगडाखालून अबोली, आणि मोठ्या थाटात बांधलेल्या नालीच्या फटीतूनही अबोलीच. पावसाळा सरत आला की सगळं मिळून असं नारंगी होतं की नवखा माणूस जरा थबकतो. मागच्या साली लातूरहून एक फोटोवाला लग्न ठरलेलं जोडपं घेऊन आला होता. त्याने दोघांना फाटकापाशी उभं केलं, एकमेकांकडे बघायला लावलं, मग काही कारण नसताना आकाशाकडे बघायला लावलं. मागे ओसरीवर पार्वतम्मा बसलेली दिसत होती. तो तिला म्हणाला, "मावशी, जरा आत बसता का? फोटोत येलालाव." बोलायला पोरगा गोड होता. ती उठून आत बसली.

लोक म्हणतात, बाईच्या हाताला गुण आहे. गुण होता हे खरं. पण आज ही जी पसर दिसते ती त्या गुणाची नाही. अबोलीला हात लावायचं सोडून दिलं की ती अशी पसरते.

पार्वतम्मा मूळची बसवकल्याणच्या पलीकडची. मडिवाळप्पांची बायको होऊन औशाला आली तेव्हा तिच्या आईने पदराच्या गाठीत अबोलीचं बी बांधून दिलं होतं. तिकडे या झाडाला कनकांबर म्हणतात. इथे आल्यावर तिने पहिल्या वर्षी हा शब्द एक-दोनदा उच्चारला, बायका हसल्या, आणि ती अबोली म्हणायला शिकली. बाकीचं मराठी यायला वेळ लागला. तोवर ती फारसं बोलत नसे, त्यामुळे गुणाची सून म्हणून तिचं नाव झालं.

औशाची माती काळी. ती सोयाबीनला मानवते, तुरीला मानवते, आणि अबोलीची मुळं पावसाळ्यात धरून कुजवते. पहिलं बी तसंच गेलं. मग मडिवाळप्पांनी रस्त्याच्या कामावरून सायकलीवर मुरूम वाहून आणला, तिने त्यात जुनं शेणखत कालवलं, आणि शेवग्याच्या विरळ सावलीत, न्हाणीच्या उताराला दोन वाफे केले. गावात नळ आठवड्या-दहा दिवसांनी येतो. तेव्हा वाफ्यांना पाणी न्हाणीचं. साबणाच्या पाण्याने पानं पिवळी पडतात असं पार्वतम्माचं म्हणणं. मडिवाळप्पा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, मापाडी होते. दिवसभर धान्याच्या धुळीत उभं राहून घरी येणाऱ्या माणसाला साबण लागतोच. तरी तो माणूस पुढची सगळी वर्षं अंगाला हरभऱ्याचं पीठ लावून न्हायला. मोंढ्यातले हमाल त्यांना 'पिठलं आलं' म्हणत. बायकोवर प्रेम करण्याचे जे प्रकार आमच्या भागात ठाऊक आहेत त्यांत हा बसत नाही, म्हणून गल्लीच्या ते कधी लक्षात आलं नाही.

फूल काढून घेतल्यावर अबोलीचं हिरवं कणीस मागे राहतं. ते वाळलं आणि त्याला ओल लागली की तट् करून फुटतं, आणि बी लांबवर उडतं. पार्वतम्मा दर सोमवारी अशी कणसं वाळायच्या आधीच खुडायची. बियाण्यापुरती चार ठेवायची. झाडं त्यामुळे वाफ्यात राहायची, आणि फुलत राहायची.

आणि ओवायची ती. सुई नाही, सुताचा दोरा नाही. केळीच्या सोपाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, धागा पाण्यात भिजवून, त्याचं एक टोक पायाच्या अंगठ्याला बांधायचं, ताण धरायचा, आणि दोन फुलं इकडे, दोन तिकडे, वर एक आढी. अबोलीचा देठ असा नाजूक की ताण जास्त झाला तर तुटतो, कमी झाला तर फूल गळतं. तिची वेणी झटकली तरी फूल पडत नसे. अबोलीला वास नसतो. म्हणून अगदी शेवटच्या गाठीत ती मरव्याची एक काडी बांधायची. मरव्यासाठी ओसरीवर एक फुटका माठ होता. तिच्या आईचीही शेवटची गाठ तशीच असायची.

गल्लीतल्या नवरीच्या डोक्यात पार्वतम्माच्या हातची वेणी, हा कायदा कुणी केला नव्हता, पण कुणी मोडलाही नव्हता. एकीने लातूरहून मोगरा मागवला होता. तो मुहूर्तापर्यंत तपकिरी झाला, आणि त्यानंतर कुणी मागवला नाही.

मडिवाळप्पा गेले ते सोयाबीनचा हंगाम भरात असताना. काट्यावर पोतं चढवलं, आकडा पुकारला, आणि पोत्याला टेकून खाली बसले. आकडा बरोबर होता, असं नंतर पुष्कळांनी सांगितलं.

मातीला वाफ्यांतली सगळी फुलं लागली. ते लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. बसलेल्या माणसाच्या गळ्यात हार तर पाहिजे. हार पार्वतम्मानेच ओवला, अंगठ्याला धागा बांधून, भिंतीकडे तोंड करून. त्याला कुणी काही म्हटलं नाही. तिच्या हातचा चाललेला तो शेवटचा हार.

ज्या संताचं नाव मडिवाळप्पांना ठेवलं होतं, त्याच्या मंडळींनी विटाळाचा प्रश्न आठशे-साडेआठशे वर्षांपूर्वी निकालात काढला होता. तो निकाल आमच्या गल्लीपर्यंत पोचायचा होता.

पुढच्या पंचमीला ती नेहमीसारखी ताटलीत गजरे घेऊन साखराबाईच्या दारात गेली. साखराबाई म्हणजे भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारीण, वयाने मोठी, दोन सुनांची सासू. तिचे यजमान किशनराव एसटीतून निवृत्त झालेले. त्या वेळी ते आत पेपर वाचत होते, म्हणजे ऐकत होते.

"राहू दे की पार्वतम्मा," साखराबाई म्हणाली. "उगं कामून तकलीफ घेलालीस?"

"तकलीफ कशाची, अक्का. दरसाल देतेच की."

"हाव, ते हायच. पर आता..." साखराबाईने ताटलीकडे बघितलं, मग उंबऱ्याकडे बघितलं. "आता सुना म्हनतेत, आमचं आमी ओवतो. शिकू दे त्येंला बी."

पार्वतम्मा ताटली घेऊन परत आली. जराशाने दोन्ही सुना फाटकाशी उभ्या. "काकू, फुलं तोडू का?" तिने तोडू दिली. हळूहळू सगळी गल्ली तोडू लागली. असं ठरलं, म्हणजे कुणी ठरवलं नाही पण ठरलं, की पार्वतम्माच्या झाडाची फुलं चालतात, तिच्या हातचा गजरा चालत नाही. झाडाचा नवरा मेलेला नव्हता.

सुना सुईने ओवत. बाजारात जाऊन येईपर्यंत निम्मी फुलं रस्त्यावर. पार्वतम्मा ओसरीवरून ती पडलेली फुलं बघायची. कधी कुणी लांब गेलेली दिसली की उचलायची.

मधे एकदा तिला लातूरला महिला मेळाव्याला नेलं. विधवा बायकांना मान द्यायचा असा कार्यक्रम होता. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, मंचावर ओळीने बसवून कपाळाला कुंकू लावलं, केसात गजरे माळले, फोटो निघाले. गजरे कापडी होते. परतताना जीपमध्ये एका कार्यकर्तीने ते सगळ्यांच्या केसांतून नीट काढून पिशवीत भरले, कारण पुढचा मेळावा निलंग्याला होता. "बाई, तुमचा लई छान दिसत होता," ती पार्वतम्माला म्हणाली. कुंकू मात्र परत घेतलं नाही. ते पार्वतम्माने घरी येऊन फाटक लावायच्या आत पुसलं.

तिला एकच लेक, तनुजा. लातूरला डी. फार्मसी केलेली, तिथेच एका मेडिकलवर कामाला. कॉलेजात असताना तिने अंधश्रद्धेवर भाषण केलं होतं आणि तिला दुसरं बक्षीस मिळालं होतं. तो कप टीव्हीशेजारी होता. तनुजाचं लग्न ठरलं श्रीशैलशी. मुलगा उमरीकडचा, नोकरीला नांदेडला, पतसंस्थेत. स्थळात खोट काढायला गल्लीला दोन दिवस लागले, आणि शेवटी उंची मिळाली.

लग्नात कोण कुठे बसणार हे चुलत्या-चुलतीने ठरवलं. कन्यादान ते करणार. हळद चुलती लावणार. पार्वतम्माने मागे बसायचं. हे तिला कुणी समोर बसवून सांगितलं नाही, सोयीसोयीने कळू दिलं, आणि तिने सगळ्याला मान हलवली. तिला त्या लग्नात एकच गोष्ट पाहिजे होती. ती तिने चुलतीला सांगितली नाही. ती भिंतीपलीकडे गेली.

"अक्का, तनूच्या डोक्यात माज्या हातची वेनी पायजे."

साखराबाई तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली.

"मी म्होरं येत न्हाई," पार्वतम्मा म्हणाली. "हळदीला हात लावत न्हाई. समद्याला हाव म्हनलंय. येवढं एक. ह्या गल्लीतल्या समद्या पोरींच्या डोक्यात माजी वेनी गेली. माजीच तेवढी रिकामी जाईल व्हय?"

"कुनी इच्यारलं तर?"

"तुमी ओवली म्हना."

"आन् तनू?"

"तिला बी तसंच सांगा. तिला लगीन सुखानं करू द्या. उगं मनात किंतू नको."

साखराबाईने सूप खाली ठेवलं. आतून पेपरामागून किशनराव म्हणाले, "हो म्हन की. मी जित्ता हाव तवर तुज्या नावाला भाव हाय. कुठं तरी माजा उपयोग व्हऊ दे."

"तुमी गप बसा," साखराबाई म्हणाली. मग पार्वतम्माला म्हणाली, "पर माज्यावानी ओव बाई. तुजी गाठ आंधळ्याला बी कळंल."

हे खरं होतं. साखराबाईचं ओवणं म्हणजे सुई, पांढरा सुती दोरा, आणि फुलाच्या पोटातून टाका. लग्नाच्या आदल्या दिवशी पार्वतम्मा आतल्या खोलीत दार ओढून बसली. सुई हातात धरली. पहिली दोन फुलं फाटली. मग बोटांना कळलं की नीट ओवायचं नाही, सैल ओवायचं, मधे मधे अंतर सोडायचं, रांग वाकडी जाऊ द्यायची. वाईट ओवायला तिला सगळी दुपार लागली. झाल्यावर तिने वेणी पाटावर ठेवून लांबून बघितली. साखराबाईचीच वाटत होती, जरा जास्तच.

बाहेर चुलती हाका मारत होती, रुखवताची ताटं कुठं ठेवली म्हणून. पार्वतम्मा "आले" म्हणत उठली, ओसरीवर येता येता वेणीचं शेवटचं टोक आवळलं, ती केळीच्या पानात गुंडाळली, आणि भिंतीवरून साखराबाईच्या हातात दिली. घाईत शेवटची गाठ मारताना तिचा हात ओसरीवरच्या माठाकडे गेला होता, हे तिच्या लक्षातही आलं नाही. वर्षानुवर्षं जो हात शेवटच्या गाठीला मरव्याकडे जायचा, तो त्या दिवशीही गेला. तिने हाताला सुई शिकवली होती, सैल टाका शिकवला होता, एवढंच सांगायचं राहिलं होतं.

मंगल कार्यालय लातूर रोडला होतं. नवरीच्या खोलीत पार्लरची मुलगी, चुलती, साखराबाई. दाराबाहेर पाण्याच्या जारपाशी एका खुर्चीवर पार्वतम्मा. दार अर्धं लोटलेलं होतं, आणि आतल्या मोठ्या आरशात तिला तनुजाचा अर्धा चेहरा दिसत होता. तिने ती खुर्ची निवडली होती ती त्यासाठीच.

साखराबाईने पान उलगडलं. पार्लरच्या मुलीने वेणी अंबाड्याभोवती फिरवली, पिना खोचल्या. नारंगी रंग शालूला असा काही चढला की चुलतीसुद्धा म्हणाली, "बेस दिसतंय." तनुजाने मान जराशी वळवून आरशात बघितलं. मग हात मागे नेऊन टोक चाचपलं. बोट नाकाशी नेलं.

"साखराकाकू, तुमी ओवली?"

"मग? कुनी?" साखराबाई म्हणाली. "कालची दुपार गेली माजी."

तनुजा आरशातच बघत राहिली. पार्वतम्मा म्हणते, तिने आपल्याला आरशात बघितलं असावं. तनुजा म्हणते, नाही. दाराच्या फटीतून एवढं दिसतं का, याचा निवाडा आता कोण करणार.

"घसरलालीय जरा," तनुजा म्हणाली.

"न्हाई मॅडम, मस्त बसलीय," पार्लरची मुलगी म्हणाली.

"काढ. दुसरं काय हाय तुज्याकडं? ते खड्याचं लाव."

मुलीने पिना काढल्या. वेणी खिडकीच्या कडीला अडकवली, आणि आपल्या डब्यातली खड्यांची फुलं लावली. ती चांगली चमकत होती. साखराबाईने केळीचं पान घडी करून पिशवीत ठेवलं. बाहेर जारपाशी कुणी तरी पार्वतम्माला म्हणालं, "मावशी, पेला द्या की." तिने पेला दिला.

अक्षता तिने मागून टाकल्या. त्या मधल्या रांगेतल्या कुणाकुणाच्या डोक्यावर पडल्या.

लग्न उरकल्यावर साखराबाईने वेणी पिशवीतून परत आणून दिली. "गरम व्हतंय म्हनली पोरगी. आजकालच्या पोरी," असं ती म्हणाली आणि लगेच गेली. तेव्हा पार्वतम्माला टोकाची काडी दिसली. तिने वेणी मडिवाळप्पांच्या फोटोला घातली. अबोली लवकर सुकत नाही, तिची ख्याती त्याचीच आहे. पुढे किती तरी दिवस ती फोटोवर तशीच नारंगी राहिली.

साखराबाईने ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती, फक्त धाकट्या सुनेला सांगितली होती. त्यामुळे श्रीशैलचा अपघात झाला तेव्हा गल्लीला सगळं ठाऊक होतं. नांदेडला कामावरून परत येताना त्याची मोटरसायकल वाळूवर घसरली. पायाचं हाड मोडलं, आत सळई घातली. हाड बसतं, माणूस चालतो, तो पुढे चालूही लागला. पण गल्लीला एवढ्याने भागणार नव्हतं. आमच्याकडे नळावर जो खल झाला तो असा:

"वेनी काढली म्हनून पायावर निभावलं."

"न्हाई तर?"

"न्हाई तर काय. बोलायची बात हाय का ती?"

तो पडलाच नसता, तर वेणी काढली म्हणून सुखात आहे असं म्हणता आलं असतं. जास्त काही झालं असतं, तर काढली पण घटकाभर डोक्यात होतीच ना, असं म्हणता आलं असतं. काहीही झालं असतं तरी गल्लीचं म्हणणं खरंच निघणार होतं. इतकं भक्कम शास्त्र फार थोड्यांना साधतं.

पार्वतम्मा नांदेडला गेली नाही. "पाय बरा व्हऊ दे," म्हणाली, "मग बगू." तनुजाचा फोन आला.

"अव्वा, येत कामून न्हाईस? समदे इच्यारलालेत."

"येते की. इथं झाडाला पानी कोन घालील?"

मग तनुजा म्हणाली, "ती वेनी तुजी व्हती."

"साखराअक्काची व्हती."

"साखराकाकू मरवा लावत न्हाईत."

पार्वतम्माने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला माहीत व्हतं, अव्वा. म्हनूनच काढली. भ्याव वाटलं. अप्पा असे बसल्या बसल्या गेले, तेच डोळ्याम्होरं आलं. मी काय म्हनून भाषनं केली कुनास ठाऊक. येकदम भ्याव वाटलं." तिकडे ती रडत असावी. "आन् तरी ह्येंचं असं झालंच."

"बरं केलंस काढलीस ते," पार्वतम्मा म्हणाली. "जेवन कर येळेवर."

गल्लीला वाटतं, ती रुसली. लेकीवर रुसली, साखराबाईवर रुसली, आमच्या सगळ्यांवर रुसली. रुसली असती तर बरं झालं असतं. रुसलेल्या माणसाला समजावता येतं. तिला गल्लीचं म्हणणं पटलं होतं. साखराबाई एकदा फाटकाशी येऊन म्हणालीसुद्धा, "पुन्यांदा ओव की. माज्या नावावर दे. कोन बगायला बसलंय?"

"नको, अक्का. तुमचं नाव चांगलं हाय. कशाला त्येला माजा हात लावायचा?"

"मी कदी तसं म्हनलं का?"

"तुमी न्हाई म्हनलं."

साखराबाई थोडा वेळ फाटकाचा गज धरून उभी राहिली. मग तिचं वाफ्यांकडे लक्ष गेलं. "आन् ही कनसं कामून खुडली न्हाईस? समदी वाळलीत. बी उडून रान व्हईल."

"व्हऊ दे."

आणि झालं. केळीचा सोप आणणं थांबलं, सोमवारचं खुडणं थांबलं. पावसात कणसं फुटत राहिली, तट् तट् असा आवाज रात्रंदिवस यायचा. पहिल्या वर्षी वाफ्याची कड गेली, दुसऱ्या वर्षी अंगण गेलं, मग फाटक, मग नाली. साखराबाईच्या पायरीतही दोन रोपं आली. तिने ती उपटली नाहीत. गल्लीतल्या बायका आता फाटकाच्या बाहेरूनच फुलं तोडतात, त्यामुळे विचारावं लागत नाही, ही एक सोय झाली.

यंदा पंचमीला तनुजा आणि श्रीशैल आले. श्रीशैल जरा पाय ओढत चालतो, पण इतकंच, की कुणी सांगितल्याशिवाय ते त्यालाही कळत नाही. तो किशनरावांकडे गप्पा मारायला गेला. किशनराव त्याला एसटीतले अपघात सांगू लागले, म्हणजे त्याला आपलेपणा वाटावा.

तनुजा अंगणात उभी राहून सगळीकडे बघत होती. पाय टाकायला जागा नव्हती.

"अव्वा, किती झालंय हे. कुनी लावलं?"

"कुनी न्हाई. आपलं आपन."

तनुजाने ओंजळभर फुलं तोडली आणि ओसरीवर येऊन बसली. येताना तिने बाजारातून केळीचा सोप आणला होता. तो कुठे मिळतो हे तिने तीन दुकानांत विचारलं होतं. पार्वतम्माने तो बघितला.

"ओव की मला एक," तनुजा म्हणाली.

"बेडा." नको म्हणायला तिच्या तोंडी अजून माहेरचाच शब्द येतो.

"मला आता भ्याव न्हाई वाटत."

"मला वाटतंय."

तनुजाने धागा पाण्यात बुडवला, स्वतःच ओवायला बसली. दोन फुलं घेतली, ताण द्यायला गेली तर धागा हातातच फिरला. तिने दुसरं टोक आईपुढे केलं.

"हे तर धर. येवढं टोक."

पार्वतम्मा टोकाकडे बघत राहिली. तिचे दोन्ही हात पदराखाली होते. ते तिने तिथेच ठेवले.

"अंगठ्याला बांध," ती म्हणाली.

तनुजाने पाय पुढे घेतला, जोडवं जरा सरकवलं, आणि अंगठ्याला धागा बांधला. पार्वतम्मा हळूहळू सांगू लागली. दोन हिकडं. आता दोन तिकडं. आढी घाल. न्हाई, वरून. लई ओढू नको, देठ तुटंल. तनुजाच्या पहिल्या चार आढ्या सैल पडल्या, फुलं गळून ओसरीवर पडली. पार्वतम्मा खाली वाकली नाही. पुन्हा सांगितलं. पुन्हा दोन हिकडं, दोन तिकडं. भिंतीपलीकडून किशनरावांचा आवाज येत होता, कुठल्या तरी घाटात कुठली तरी गाडी कशी उलटली ते. हातभर वेणी झाली तेव्हा ऊन ओसरीवरून उतरलं होतं. फार चांगली नव्हती, पण झटकली तर दोनच फुलं पडली.

"आता शेवटची गाठ," तनुजा म्हणाली. "मरवा दे."

पार्वतम्माने कोपऱ्यातल्या फुटक्या माठाकडे बघितलं. माठात माती होती, आणि मातीत एक करडं खोड. अबोलीला कुणी पाणी घातलं नाही तरी ती पसरली होती. मरव्याला रोज पाणी लागतं.

"वाळला त्यो," ती म्हणाली. "तशीच बांध."

तनुजाने तशीच बांधली, आणि हात मागे नेऊन स्वतःच माळली. पिन लावताना तिला दिसेना. "नीट बसली का?" तिने विचारलं.

"जरा डावीकडं," पार्वतम्मा जागेवरूनच म्हणाली. "हां. आता बसली."